हयातीचा दाखला

शासकीय सेवेत असताना प्रतिवर्षी नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या टेबलाभोवती वृद्ध निवृत्तिवेतनधारकांची गर्दी होत असे. हयातीच्या दाखल्यास राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते, आणि आम्ही सहीला नाही म्हणत नाही अशी आमची ख्याती होती. म्हातारा किंवा म्हातारी समोर येऊन बसे, आम्ही मान वर करून पाहत असू, नाव विचारत असू, आणि शिक्का उमटे. ‘आज रोजी हयात आहेत’ एवढेच प्रमाणित करावयाचे असे. ती व्यक्ती जिना चढून कशी आली, रात्री झोपते की नाही, तिचे अंथरूण कोण घालते, हे विचारण्याची सोय त्या छापील नमुन्यात नव्हती. आमच्या मनातही नव्हती.

निवृत्तीनंतर आईची सेवा हेच आमचे मुख्य काम झाले. आईचा जन्म होळकरांच्या राज्यातला; २०२४ साली तिला सत्त्याऐंशीवे वर्ष लागले होते. तिच्या सेवेत आम्ही कसलीही कसर ठेवली नव्हती, असे आम्ही पाहुण्यांना सांगत असू. स्नान घालावयास बाई होती. गोळ्यांच्या डबीवर वारांची नावे चिकटवली होती. रक्तदाबाची नोंद आम्ही स्वतः आखलेल्या वहीत, तारीखवार, लाल शाईने करीत होतो. कोणत्याही तपासणी पथकाने यावे आणि नस्ती पाहावी, इतकी ती अद्ययावत होती.

त्या वर्षी गणपती विसर्जनाच्या सुमारास आईला सर्दी झाली. आम्ही नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. पितृपंधरवडा सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आई कोपऱ्याकडे पाहून बोलू लागली. दिवसा ग्लानी, रात्री टक्क जागी. चादरीची सुते ओढावयाची. मध्येच आम्हाला आमच्या दिवंगत वडिलांच्या नात्याने ‘अहो’ म्हणावयाची. तासाभराने पुन्हा शुद्धीवर येऊन चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार करावयाची. वातात बरळणे आम्ही ऐकले होते, पण त्याला ताप लागतो, आणि तापमापी तर अठ्ठ्याण्णवाच्या पुढे सरकत नव्हती. ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर वय विचारले आणि ‘या वयात असे व्हायचेच’ म्हणाले. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, “पितर दिसू लागलेत हो.” आमच्या सौभाग्यवतींनी बहिणीला कळवले. थोडक्यात, आम्ही सर्वांनी मिळून आईची नस्ती बंद करावयास घेतली होती. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सिस्टर आल्या, त्या निराळ्याच कामासाठी. आईच्या नडगीवर खरचटल्याची लहानशी जखम होती, तिची पट्टी बदलावयास. देवासकडच्या, चाळिशीच्या, बोलण्यात माळवी वळण. पट्टी बाजूस ठेवून त्यांनी आईकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ये कब से है?” आम्ही म्हणालो, आता वयच झाले आहे. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “उमर कब से है ये नहीं पूछा, बाबूजी. ये हालत कब से है?”

चार दिवसांपासून, आम्ही म्हणालो, आणि उत्तर देता देताच आमच्या लक्षात आले की म्हातारपण चार दिवसांत येत नाही. सिस्टरनी आईची जीभ पाहिली. ती कोरडी होती. आईला वारांची नावे उलट्या क्रमाने म्हणावयास सांगा, असे त्यांनी सौं.ना सांगितले. आई रविवार, शनिवार म्हणाली आणि तिथेच हरवली. मग त्यांनी शेवटची लघवी केव्हा झाली, शौचास किती दिवस झाले, कोणती नवी गोळी सुरू केली, हे विचारले. आमच्या लाल शाईच्या वहीत यांपैकी एकाचेही उत्तर नव्हते. त्याच दुपारी आईला रुग्णालयात नेले. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग, अंगातील पाणी कमी झालेले, आणि त्यावर सर्दीच्या त्या गोळ्या. झोप आणणाऱ्या या जुन्या प्रकारच्या गोळ्या तोंड कोरडे करतात, लघवी आणि शौच अडवतात, आणि वृद्धांच्या मेंदूत गोंधळ उडवतात, हे आम्हास तेव्हा समजले. या अवस्थेला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. ती एकाएकी येते, दिवसभरात कमीजास्त होत राहते, लक्ष एका जागी ठरू देत नाही, आणि तिचे कारण शोधून काढल्यास बहुधा ओसरते. स्मृतिभ्रंश निराळा, तो पावलापावलाने येतो. वृद्धांना मोठा संसर्ग होऊनही ताप येत नाही, असेही घडते. तापमापीवर विसंबून आम्ही चार दिवस घालवले होते.

अंगातील पाणी कमी का झाले, याचे उत्तर आईने आम्हाला दिले नाही. ते सिस्टरना दिले. रुग्णालयात तिसऱ्या दिवशी ती बरीच सावध होती. सिस्टर भेटावयास आल्या होत्या. त्यांनी विचारले, अम्माजी, पाणी का पीत नव्हता? आई आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, रात को उठना पडता है, लडके की नींद खराब होती है. आम्ही पडद्याच्या अलीकडे होतो.

झाले होते ते असे. उन्हाळ्यातील एका रात्री दोन वाजता तिने हाक मारली असता आम्ही म्हणालो होतो, “आत्ताच तर जाऊन आलीस ना?” एवढेच. आवाजही चढवला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही ते विसरलो. आईने मात्र तेव्हापासून दुपारी चारनंतर पाण्याला तोंड लावणे सोडले होते, आणि फुलपात्र भरलेले राहते हे आमच्या घरात कोणी पाहिले नव्हते.

घरी आल्यावर सिस्टर दोनदा, दीड-दीड तास येऊन बसल्या. आम्ही वही पुढे केली. त्यांनी ती सौजन्याने चाळून परत दिली. १९६३ साली अमेरिकेत डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांसाठी सहा गोष्टींची एक मोजणी तयार केली. स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे. यांतले माणूस स्वतः काय करते, एवढाच प्रश्न. आम्ही भराभर उत्तरे देऊ लागलो: स्नान नाही, कपडे नाही. सिस्टरनी हात वर केला. येते की नाही ते तुम्ही सांगू नका, म्हणाल्या, करू द्या, मी पाहते.

कपड्यांचा प्रकार मुद्दाम सांगण्याजोगा आहे. वर्षभरापूर्वी आम्ही आईला गाऊन घालावयास लावला होता. सोय बाईची होती, कारण आईच्या त्रासाचे दिले होते. सिस्टरनी तिच्या हाती पातळ दिले आणि पलंगाच्या कडेला बसवले. आईने बसल्या बसल्या निऱ्या घातल्या, दोनदा सुटल्या, तिसऱ्यांदा बसल्या. मग सिस्टरच्या दंडाचा आधार घेऊन उभी राहिली आणि पदर घेतला. सतरा मिनिटे लागली. आमच्या घरात कोणी तिला सतरा मिनिटे दिली नव्हती.

नंतर आम्ही वाचले की लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३५ साली डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या अनाथ-रुग्णालयातील सातशेहून अधिक जुनाट रुग्ण सोपवले गेले. त्यांतील बहुतेक केवळ खाटेवर ठेवल्यामुळे खाटेचे झाले होते. बाईंनी एकेकाला तपासले, उठवले, चालवले, आणि कित्येक घरी गेले. आम्ही आमच्या घरी या क्रियेची उलटी दिशा धरली होती.

सिस्टरनी आईला आडवी असताना रक्तदाब पाहिला आणि उभी करून पुन्हा पाहिला: १४२ वरून ११८. उभे राहता वरचा आकडा वीस किंवा अधिक उतरला तर घेरी येऊन पडण्याचे भय असते. आम्ही वर्षभर लाल शाईने लिहिलेले सर्व आकडे बसलेल्या आईचे होते. नडगीवरची जखम कशी झाली याचा उलगडा त्या दिवशी झाला. डॉक्टरांनी पुढे एक गोळी कमी केली. मग खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे आणि परत येऊन बसणे. बारा सेकंदांच्या पुढे गेले तर सावध राहावे असे म्हणतात. आईला एकवीस लागले. मीटर आम्ही टेपाने मोजून दिले. सरकारी माणसाचा तेवढाच उपयोग झाला.

शेवटी स्मरणशक्तीचे प्रश्न. कोणता महिना चालू आहे, असे सिस्टरनी विचारले. आई म्हणाली, भाद्रपद. सिस्टरनी कागदावर फुली मारली. त्यांच्या हिशेबाने भादो पौर्णिमेलाच संपून क्वार लागला होता. आमच्या अमान्त पंचांगात मात्र अमावास्येपर्यंत भाद्रपदच असतो. सौं.नी हे समजावले. आई तोवर पुढे म्हणाली, “वद्य चतुर्दशी. उद्या सर्वपित्री. यांच्या पानाला वडे करायचे आहेत.” सिस्टर मोठ्याने हसल्या, फुली खोडली, आणि आमच्याकडे पाहून विचारले की आज तिथी कोणती हे तुम्हाला ठाऊक होते का. ठाऊक नव्हते. पुढे आपण कोणत्या राज्यात राहतो असे विचारता आईने मध्य भारत सांगितले. ते राज्य १९५६ सालीच मध्य प्रदेशात विलीन झाले. ही फुली मात्र राहिली.

इथे एक जुना राग व्यक्त केल्यावाचून राहवत नाही. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ साली सुरू झाला, जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष त्यात अभिप्रेत आहे. आम्ही त्या काळी सेवेत होतो. ते परिपत्रक आमच्याही टेबलावरून गेले असणार. आम्ही ‘पाहिले’ असे लिहून सही केली असणार.

आता आईच्या पाण्याचे दिवसाचे माप ठरले आहे. सकाळपासून पाच वाजेपर्यंत बहुतेक पाणी पोटात जावे आणि संध्याकाळी घोटघोट, अशी सिस्टरची सूचना. आमची खाट आम्ही तिच्या खोलीत हलवली आहे. हाक मारण्याचे तिला जड जाऊ नये म्हणून देवघरातली एक जुनी घंटा उशाशी ठेवली. ती वाजवत नाही. घंटा देवाची आहे, म्हणते. रात्री काठीच्या टोकाने पलंगाच्या लाकडावर टकटक करते, दोनदा, हलकेच, आणि आम्ही उठून उभे राहण्यापूर्वीच विचारते, “जागाच होतास ना रे?”

जागाच होतो, असे आम्ही सांगतो.