व्हाइस सिटीचा समुद्र

मी तिसरीत असेन. दादा दहावीला. ट्यूशनच्या नावाखाली त्याने मला धाराशिवच्या (तेव्हाच्या उस्मानाबादच्या) एका सायबर कॅफेत नेलं. एका खुर्चीवर दोघं बसलो. तो म्हणाला, ‘‘हे बघ, समुद्र!’’

मी पाहिलेला पहिला समुद्र तो! ‘जीटीए व्हाइस सिटी’तला. 2002 चा गेम. त्यातल्या टॉमीला पोहता येत नव्हतं, पाण्यात पडला की संपला. आम्हाला तरी कुठं येत होतं म्हणा!

2004 च्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये सीजे पोहायला लागला. 2013 च्या पाचव्या भागात तर समुद्राच्या तळाशी जाता आलं. मग डिसेंबर 2023 मध्ये सहाव्या भागाचा ट्रेलर आला... आणि शहर कोणतं? पुन्हा व्हाइस सिटी! तारीख मात्र आधी 2025, मग 26 मे 2026, मग 19 नोव्हेंबर 2026. आमची सबमिशनसुद्धा इतकी पुढं जात नाहीत!

त्यात जाहीर झाला तो फक्त कन्सोलसाठी. पाचवा भाग पीसीवर यायला दीड वर्ष लागलं होतं. आला तरी, ऑटोकॅडला धापा टाकणारा माझा लॅपटॉप तो काय चालवणार? पण खरी काळजी वेगळीच आहे. दादा आता पुण्यात नोकरीला. फोन रविवारी, तोही पाच मिनिटं. इतक्या वर्षांनी त्याला त्यात गोडी वाटेल का?

आशा एकच. त्याने एक दिवस रजा काढावी, खुर्ची पुन्हा एकच असावी. या वेळी मी म्हणेन, ‘‘दादा, हे बघ, समुद्र!’’