कुतूहलाला प्रवेश मिळावा

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीपाशी पालकांची गर्दी होते. तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवत असल्यामुळे त्या दिवसांत एक प्रश्न मला सतत ऐकू येतो : "सर, पोरगी बीएस्सी करायचं म्हणतीय. पुढं स्कोप काय?" विचारणाऱ्याच्या हातात कागदपत्रांची पिशवी असते आणि मनात पीककर्जाचा, धाकट्याच्या फीचा हिशेब चाललेला असतो. हा प्रश्न मला कधीच क्षुद्र वाटला नाही. ज्याच्या घरात एकाच मुलाच्या शिक्षणापुरते पैसे आहेत, त्याने ते कुठे घालायचे हे विचारायलाच हवं. अडचण एवढीच की, त्या गर्दीत दुसरा प्रश्न कुणीच विचारत नाही. या मुलीला कशाचं नवल वाटतं?

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याआधी या शिक्षणाची दारं मोजक्याच मुलांना उघडी होती. त्या निर्णयाने कितीतरी घरांत पहिला इंजिनिअर आला, हे मोल मी कमी लेखणार नाही. पण हळूहळू शाखा निवडायची रीत ठरून गेली. गेल्या वर्षीचा कटऑफ बघायचा, सीईटीचे पर्सेंटाइल त्याच्याशी लावायचे आणि जी सगळ्यात वर बंद झाली ती शाखा आपल्याला आवडते असं मानायचं. कॉम्प्युटरच्या जागांवर झुंबड उडते, तर सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या वर्गांत बाकं रिकामी राहतात. ज्याला लहानपणापासून गावच्या ओढ्यावरचा पूल दर पावसाळ्यात का वाहून जातो हे कळून घ्यायचं होतं, तोही त्याच रांगेत उभा असतो. त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

तरुणांनी विज्ञानाकडे वळावं म्हणून आपण फलक लावतो, पॅकेजचे आकडे छापतो. आकड्यांवर आलेला मुलगा दुसरीकडे मोठा आकडा दिसला की तिकडे जातो, आणि त्यात त्याचा दोष नाही. टिकून राहतात ती मुलं, ज्यांना एकदा तरी स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या हातांनी मिळालेलं असतं. हे मी प्रयोगशाळेत पाहिलं आहे.

साध्या लोलकाचा प्रयोग सगळ्यांनाच असतो. लांबी मोजायची, वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा आणि गुरुत्वीय त्वरणाची किंमत काढायची. ती ९८० च्या आसपास यायला हवी हे मुलांना आधीच ठाऊक असतं, कारण वरच्या वर्गातल्यांचं जर्नल हाताशी असतं. मग रीडिंग उत्तरावरून मागे काढली जातात. एकदा एका मुलीचं उत्तर ९६० आलं. शेजारच्या गटाने तिला आकडे दुरुस्त करायला सांगितलं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मी चुकले असेन, पण आकडे खोटे नाहीत." मी तिला वेगवेगळ्या लांब्या घेऊन आवर्तकालाच्या वर्गाचा आलेख काढायला सांगितलं. रेषा सरळ आली, फक्त ती आरंभबिंदूतून गेली नाही. मागे वाढवल्यावर लांबीच्या अक्षाला शून्याच्या अलीकडे सुमारे दोन सेंटिमीटरवर भेटली. तिने दोरा गोळ्याच्या हुकापर्यंतच मोजला होता, गोळ्याच्या मध्यापर्यंत नव्हे. राहून गेलेलं अंतर रेषेनेच दाखवून दिलं होतं. आणि रेषेच्या उतारावरून काढलेली किंमत मात्र ९८० च्या अगदी जवळ आली, कारण दर वेळी सारखीच राहून गेलेली लांबी उतार बदलत नाही. त्या दुपारी ती मुलगी प्रयोगशाळा बंद करायची वेळ झाली तरी उठेना. अभ्यासक्रमात नसलेली एक गोष्ट तिला कळली होती : चूकही अभ्यासण्यासारखी असते.

डॉ. जयंत नारळीकरांनी हे मर्म फार सोपेपणाने ओळखलं होतं. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते सांगत की, विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा. उत्तर येईल आणि त्याखाली सही असेल. सही हवी तर आधी मनाशी विचार करायचा, आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही ते शोधायचं आणि ते शब्दांत मांडायचं. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर विश्वाच्या रचनेवर काम केलेला शास्त्रज्ञ शाळकरी पोराच्या प्रश्नाला उत्तर लिहायला बसतो, यातून त्या पोराला जे कळतं ते कुठल्याही जाहिरातीने कळणार नाही. १९७२ साली नारळीकर भारतात परतले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले; १९८८ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. तिच्या नावातच आंतरविद्यापीठ केंद्र आहे. छोट्या गावातल्या महाविद्यालयाचा शिक्षकही तिथे जाऊन काम करू शकेल, ही त्यामागची कल्पना. शिक्षकाचं स्वतःचं कुतूहल जिवंत राहिलं तरच वर्गात काही पेटतं, म्हणून मला ही कल्पना फार मोलाची वाटते.

विज्ञान कुठलं आणि अभियांत्रिकी कुठली, ही भिंत किती पातळ आहे ते पाहायचं असेल तर मुलांना जुन्नर तालुक्यातल्या खोडदला न्यावं. तिथल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना आहेत, प्रत्येक ४५ मीटर व्यासाची. चौदा मधोमध आणि बाकीच्या तीन दिशांना शेताशिवारांतून पसरलेल्या. टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. एवढ्या थाळ्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर वजन, वारा आणि खर्च काहीच झेपलं नसतं. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या दोरांवर बारीक तारांची जाळी बसवली. येणाऱ्या लहरी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी लांब असल्याने त्यांच्यासाठी ती जाळी आरशासारखीच ठरते, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. लहरीचं भौतिकशास्त्र आणि तारेचा ताण यांचा मेळ घालणारी ही युक्ती आपल्या मातीत सुचली, आपल्याच माणसांनी ती उभी केली. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथे प्रदर्शन भरतं. आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतली मुलं स्वतःचे प्रयोग घेऊन येतात. परतताना मुलं अँटेनाची उंची सांगत नाहीत. ती जाळीबद्दल बोलत असतात.

विज्ञानाचं बोलावणं सगळ्यांना सारखं पोचत नाही, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बीएस्सी होऊन कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अपमानकारक अटी सोसून त्यांनी वर्ष काढलं आणि कामाच्या बळावर इतर मुलींसाठीही ते दार उघडलं. पुढे याच कमला सोहोनी केंब्रिजहून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आल्या. आज दारावर कुणी अडवत नाही. पण वसतिगृह नाही, एसटी सहानंतर नाही, 'पोरीला एवढं शिकवून काय करायचं' हे आहेच. ज्या मुलीला प्रयोगशाळेतून पाचला निघावंच लागतं, तिच्यासाठी विज्ञानाचं आकर्षण बसच्या वेळापत्रकावर अवलंबून असतं.

मग स्कोपचं काय? त्याचं उत्तर मी पालकांना कागदावर लिहून देतो. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या गुणवान मुलांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजार रुपयांची. २००६ साली पुण्यात सुरू झालेली आयसर ही विज्ञानशिक्षणाची संस्था आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून विज्ञानाच्या आणि अभियांत्रिकीच्या पदवीधरांना निवडून कामासाठी घडवत आलं आहे. या वाटा अरुंद आहेत, आणि त्या रुंद करणं हे सरकारचं आणि उद्योगांचं काम आहे, हेही मी सांगतो. कुतूहलाच्या नावाखाली गरीब घराला जुगार खेळायला लावायचा अधिकार कुणालाच नाही.

शिक्षकांचं काम याहून जवळचं आहे आणि त्याला कुठल्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एक असा प्रयोग द्यावा, ज्याचं उत्तर कुठल्याही जर्नलमध्ये लिहिलेलं नाही : गावच्या विहिरीचं पाणी वर्षभर कसं बदलतं, एसटी स्टँडवरचा आवाज किती, कौलाखालच्या आणि पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात किती अंशांचा फरक पडतो. चुकलेल्या पण खऱ्या रीडिंगला पूर्ण गुण द्यावेत. प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी ठेवावी आणि मुलींच्या परतीच्या गाडीसाठी प्राचार्यांनी आगाराकडे अर्ज करावा. इतकं केलं तर विज्ञानाकडे या म्हणून सांगत फिरावं लागणार नाही. मुलं आतच असतील, आणि आपल्याला त्यांच्या प्रश्नांना पुरं पडावं लागेल.