डब्यातला डाउनलोड

आजचं जरा टेक्निकल आहे, पण ज्यांना डॉकर म्हणजे काय ते माहीत नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. माझी फजिती कळायला कमांड लाइन यावी लागत नाही.

तर झालं असं. बाबांनी १९८२ साली टेपरेकॉर्डर घेतला आणि पुढची काही वर्षं सुट्टीत चिपळूणला गेले की दिसेल ते रेकॉर्ड करत सुटले. एकूण ४१ कॅसेट्स. त्या आत्याकडे पडून होत्या. कॅसेट्सना बुरशी धरायला लागली तेव्हा माझ्या आतेभावाने, जो जर्मनीत असतो, जमतील तशा सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि एका भाड्याच्या सर्व्हरवर ठेवून दिल्या. मूळ कॅसेट्स गेल्या कचऱ्यात. त्याच्याकडची हार्ड डिस्क यंदा गेली. आणि ऑगस्टमध्ये त्याचा मेसेज आला, "अरे, ती कंपनी माझा प्लॅनच बंद करतेय. ३१ तारखेला रात्री बारापर्यंत उतरवून घे, मी नाशिकला सासरी आहे, फोनच्या डेटावर."

३१ ऑगस्ट २०२५. रविवार. त्यात गौरी येणार त्याच दिवशी!

नव्वद मिनिटांची एक कॅसेट सीडीच्या दर्जाने उतरवली की साधारण ९५० एमबी होते. गुणिले ४१, म्हणजे ३९ जीबी. आमची लाइन १०० एमबीपीएसची आहे, तासाभरात काम झालं असतं, पण तो सर्व्हर सेकंदाला अर्धा एमबीच्या वर एक थेंब सोडत नव्हता. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दुसरी लाइन जोडून बघितली, तर तोच अर्धा एमबी दोघींत वाटला गेला. म्हणजे सलग साडेएकवीस तास. लॅपटॉपवर ब्राउझरने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा सात-आठशे एमबीला राम म्हटला.

घरी नॅस आहे. म्हणजे दोन डिस्कचा, चोवीस तास चालू असणारा डबा, टीव्हीच्या मागे बसलेला. माझा सिनॉलॉजीचा आहे. म्हटलं, यालाच लावूया कामाला. आता जाणकार म्हणतील, की नॅसवर लॉगिन करून डब्ल्यूगेटची एक ओळ लिहिली असती तर झालं असतं. हो, झालं असतं. पण जेडाउनलोडर डॉकरमध्ये टाकून बघायचं माझ्या मनात केव्हापासून होतं. खरं कारण एवढंच.

डॉकरबद्दल थोडं. मॅल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने १९५६ मध्ये ५८ अ‍ॅल्युमिनियमचे खोके एका जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेले, आणि आत काय आहे याची जहाजाला फिकीर उरली नाही. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने हेच सॉफ्टवेअरसाठी केलं. प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, सगळा संसार एका खोक्यात. खोका कुठल्याही लिनक्स मशीनवर ठेवा, चालतो. नको झाला की फेकून द्या, मशीनवर ओरखडा नाही. मात्र खोका फेकला की त्याच्या आत लिहिलेलंही सगळं जातं. म्हणून खोक्याला एक खिडकी पाडायची असते, आतला एक फोल्डर बाहेरच्या खऱ्या फोल्डरला जोडायचा. याला व्हॉल्यूम म्हणतात. ही ओळ मी ऑफिसमधल्या नव्या मुलांना दर वर्षी शिकवतो. शिकवतो!

शनिवारी दुपारी इमेज उतरवली, ५८०० पोर्टवर जेडाउनलोडरची खिडकी चक्क ब्राउझरमध्ये उघडली, आतला 'डाउनलोड्स' हा फोल्डर बाहेरच्या 'कॅसेट्स'ला जोडला. ४१ लिंक टाकल्या, आणि पहिलीलाच लाल. फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही.

कारण सोपं होतं. खोक्यातला प्रोग्राम १००० नंबरचा यूजर म्हणून चालतो आणि नॅसवर मी १०२६. नॅसच्या दृष्टीने १००० म्हणजे कोण कुठला! सेटिंगमध्ये १०२६ टाकायचं, संपलं. पण तेव्हा आई स्वयंपाकघरातून "पाहुणे आलेत, आरतीला ये" म्हणून हाका मारत होती, आणि मी आधी एरर वाचायच्या ऐवजी प्रोग्राममध्ये फोल्डरचं नाव पुन्हा टाइप केलं, आणि यूजरच्या जागी सरळ शून्य टाकून दिलं. शून्य म्हणजे रूट. रूटला कोण अडवणार? साडेतीन वाजता फाइल्स धो धो (म्हणजे अर्धा एमबीने) सुरू. मी टाळ घेऊन आरतीला.

रविवारी सकाळी नऊला बघितलं, ३३ फाइल्स पूर्ण! चहा पिता पिता सद्बुद्धी सुचली, की हे रूटने चालवणं बरं नव्हे. पाच मिनिटांत नीट करू. कंटेनर थांबवला, उडवला, १०२६ घालून नवा केला. मग 'कॅसेट्स' फोल्डर उघडला.

रिकामा.

आदल्या दिवशी पुन्हा टाइप करताना मी 'डाउनलोड्स'मधला शेवटचा 'स्' खाल्ला होता. 'डाउनलोड' नावाचा फोल्डरच नव्हता. पण रूटने तो निमूटपणे खोक्याच्या आतच तयार केला आणि रात्रभर त्यात भरत राहिला. खिडकी शेजारी उघडी होती, तिच्यातून काहीच गेलं नाही. साधा यूजर असता तर फोल्डर बनवायलाच अडला असता आणि मला कळलं असतं. ३१ जीबी मी स्वतःच्या हाताने, नीट करतो म्हणून, फेकून दिले.

जर्मनीतले रात्रीचे बारा म्हणजे आपले पहाटेचे साडेतीन. दहा वाजता पुन्हा सुरू केलं तरी साडेसतरा तास. ३३ येतील, ८ जातील. कुठल्या आठ?

फाइल्सना नुसते नंबर होते. आतेभावाला फोन केला, तो म्हणाला, "मी ऐकल्या कुठे रे सगळ्या? मामालाच विचार."

मग बाबांना सांगावंच लागलं. ते हॉलमध्ये गौरीसाठी तेरडा निवडत बसले होते. मी कंटेनर, रूट वगैरे सुरू केलं तर म्हणाले, "ते राहू दे. गेलं का आहे?"

"आहे. पण सगळं नाही येणार, बाबा. कुठल्या आधी घेऊ?"

त्यांनी वरही बघितलं नाही. "अकरा, बारा आणि एकोणतीस. त्यात आई आहे. मग भजनाच्या, सहा ते दहा. एकतीसच्या पुढे रेडिओवरची नाट्यगीतं आहेत, ती गेली तर जाऊ देत. आधी विचारायचंस ना मला."

आजी १९९१ मध्ये गेली. मी तेव्हा तीन वर्षांचा. या कॅसेट्समध्ये तिचा आवाज आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. माझ्या लेखी ते ३९ जीबी होते.

या वेळी पहिली फाइल आल्यावर आधी नॅसवर बाहेरून उघडून बघितली, मगच उठलो. आणि तीन मिळाल्या मिळाल्या पेन ड्राइव्हवर, ऑफिसच्या लॅपटॉपवर, दोन्हीकडे कॉपी केल्या. (नॅसमध्ये दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे, असं अजून कोणाला वाटत असेल तर कृपया वाटू देऊ नका. एका डिस्कवरून पुसलं की दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसलं जातं.)

संध्याकाळी खड्याच्या गौरी येऊन बसल्यावर २९ नंबर लावली. आधी बराच वेळ जात्याची घरघर, तीही एकसारखी नाही, दर फेऱ्याला एका जागी जरा अडकणारी. मग आजी ओवी म्हणायला लागते. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा खूपच जाड. मध्येच जातं थांबतं आणि ती विचारते, "चालू आहे का रे ते तुझं?" आणि माझ्याहून तरुण असलेले बाबा म्हणतात, "आहे, आहे. तू म्हण."

हॉलमधले बाबा उठून टीव्हीजवळ जाऊन बसले. हल्ली त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं.

साडेतीनला सर्व्हर बंद झाला. ३३ आल्या. राहिलेल्या आठांत ३४ नंबर होती, आणि परवा बाबा म्हणाले, तिच्या दुसऱ्या बाजूला शेवटी बहुतेक तुझं रडणं होतं :)