ताडाखालचं दूध

ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणणार. ही म्हण सध्या माझ्या डोक्यातून जात नाही. आजी ती आम्हा मुलींना ऐकवायची. मुलगे संध्याकाळी कुठेही बसून आले तरी त्यांच्यासाठी तिला म्हण लागायची नाही.

त्या माणसाची काही चूक नाही, हे म्हणीलाही मान्य आहे. तो दूधच पितोय, असं ती स्वतः सांगते. तरी ‘नीट बघून बोला’ असं ती लोकांना सांगत नाही. ‘तू तिथून ऊठ’ असं त्यालाच सांगते. पण मी अडते ती वेगळ्या ठिकाणी. तो तिथे गेला कशाला? ताडाला धड सावली नसते. उंच, सरळ, फांद्या नसलेलं खोड आणि थेट टोकाला पंख्यासारख्या पानांचा झुबका. उन्हातून आलेला माणूस आंबा शोधेल, चिंच शोधेल. घरून दुधाचं भांडं घेऊन ताडाखाली बसायला कुणी जात नाही. मला वाटतं, तिथे चार माणसं बसलेली होती, बोलत होती, म्हणून तो गेला. दूध नेलं, कारण ताडी त्याला प्यायची नव्हती. म्हणीनं त्याचं दूध पाहिलं, लोकांचं बोलणं ऐकलं. त्याला सोबत हवी होती, हे मात्र तिला दिसलं नाही.

भिवंडीत धामणकर नाक्याच्या बाजूला एक लहान परमिट रूम आहे. खाली पुरुषांची गर्दी, जिना चढून गेलं की फॅमिली रूम. मी आणि माझी मैत्रीण अधूनमधून तिथे जाऊन बसतो. कॉकटेल म्हणजे इथे व्होडकात लिंबू, मीठ आणि सोडा. ते ती घेते. मी बहुतेक वेळा नुसता लिंबू सोडा घेते. सोबत मसाला पापड, कांदा-कोथिंबीर घातलेले शेंगदाणे, कधी चना कोळीवाडा. तास-दीड तास आम्ही बोलतो. या गावात यंत्रमागांचा खडखडाट रात्रीसुद्धा थांबत नाही. बारा तासांची पाळी करून आलेला माणूस शेजारी बसलेल्याशीही ओरडूनच बोलतो. त्या वरच्या खोलीत मात्र हळू बोललेलं ऐकू येतं. आम्हा बायकांना घर, देऊळ, बाजार, दवाखान्याचं बाकडं एवढ्याच जागा. नुसतं बसावं अशी दुसरी जागा मला इथे सापडलेली नाही. तरी जिना चढताना मी आधी रस्त्याकडे बघून घेते.

ताडीचं तरी काय? पहाटे, ऊन चढायच्या आत, चुना लावलेल्या मडक्यातून उतरवली तर ती नीरा. मुंबईत रेल्वे स्टेशनांवर स्टॉल लावून विकली जायची, लहान मुलांनाही पाजली जायची. तोच रस चुन्याशिवाय ठेवला तर दुपारपर्यंत आपोआप आंबतो आणि ताडी होतो. झाड तेच, उतरवणाराही तोच. फरक तेवढा चुन्याचा आणि उन्हाचा. मग लोक नेमक्या कोणत्या वेळी ‘ताडी’ म्हणाले?

आणि ताडी म्हणजे वाईट, हे तरी कुणी ठरवलं? १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर ताडीच्या झाडांवरचा कर इतका चढला की पिढ्यान् पिढ्या झाडावर चढणाऱ्या भंडाऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. १८९२ मध्ये मोहाचा कायदा आला, तो आमच्या ठाणे जिल्ह्यासाठी आणि शेजारच्या कुलाबा जिल्ह्यासाठी. रानात पडलेली मोहाची फुलं वेचून घरात ठेवणं हा गुन्हा झाला. ज्या वारली-कातकऱ्यांच्या घरी मोह खाण्यातही होता, पिण्यातही होता आणि देवापुढेही होता, ते आपल्याच झाडाखाली चोर ठरले. दारू बंद झाली नाही; ती उरणच्या भट्ट्यांतून, सरकारला कर भरून येऊ लागली. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो आजही लागू आहे, आणि परमिट रूममधलं परमिट त्याच कायद्यातलं आहे. आरोग्य जपण्यासाठी या इसमाला मद्य लागतं, असं त्या परवान्यात धरलेलं असतं. एका दिवसाचा मिळतो, आजन्मही मिळतो. म्हणजे कायद्याच्या लेखी खालच्या मजल्यावरचा प्रत्येक जण औषध घेतोय. ताडाखाली बसून ताडी पिणाऱ्याला दूध म्हणवून घ्यायची सोय कायद्यानं करून दिली. सोडा पिणाऱ्या बाईसाठी अशी सोय कुणी केलेली नाही.

इथवर मला माझी बाजू पक्की वाटत होती. पण खालच्या त्याच गर्दीत पगाराच्या दिवशी मागावरचा माणूस बसतो. त्याची बायको मागच्या गल्लीत कांड्या भरते आणि तो काय घेऊन घरी येतो त्याची वाट बघते. तिला वरच्या खोलीतली शांतता ठाऊक नाही. खालून घरी येणारा आरडाओरडा ठाऊक आहे. आजीसुद्धा अशाच घरातून आलेली होती. तिची म्हण लोकांच्या भीतीतून आली की ताडीच्या अनुभवातून, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

महाराष्ट्रात दारूचं दुकान किंवा बार बंद करण्यासाठी मतदान मागता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीसाठी कितीतरी गावांतल्या बायका पाठीवर मुलं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या आहेत. आमच्या वॉर्डात असं मतदान लागलं तर? आडवी केली तर कांड्या भरणाऱ्या बाईच्या घरात कदाचित चार पैसे जास्त येतील. किंवा येणारही नाहीत, तिचा नवरा पुढच्या नाक्यावर जाईल. उभी ठेवली तर माझी खोली राहील, आणि ती कुणाच्या जिवावर राहिली हे मला कळत राहील. दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. उत्तर आलेलं नाही.

नियम मात्र स्पष्ट आहे. महिलांचं मतदान लागलं, तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली तरच बार बंद होतो. उत्तर सापडलं नाही म्हणून जी बाई मतदानाला जात नाही, तिचं मत उभ्या बाटलीच्याच कामी येतं.