विद्यार्थ्यांचे कोल्हापूर आणि बाहुबलीचा कायोत्सर्ग

कोल्हापूरच्या दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. महाराजांचे खरे स्मारक मात्र त्या चौकाच्या आसपासच्या जुन्या इमारतींत नांदते. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांसाठी दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगची आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंगची भर पडली. पुढे तर जातीजातींची इतकी वसतिगृहे उभी राहिली की या नगरीला वसतिगृहांची जननी म्हणण्याचा प्रघात पडला. शेतकऱ्याच्या मुलाने शिकावे, तर त्याला आधी शहरात डोके टेकायला जागा हवी आणि दोन वेळचे जेवण हवे, हे महाराजांनी ओळखले होते.

जैन बोर्डिंगमध्ये राहून गेलेल्या विद्यार्थ्यांत सर्वांत मोठे नाव कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. १८८७ मध्ये कुंभोज येथे जन्मलेला हा मुलगा राजाराम हायस्कूलमध्ये शिकत होता. पण पुस्तकापेक्षा कुस्तीत त्याचा जीव अधिक रमे. बोर्डिंगच्या नियमांशी त्याचे जमले नाही आणि ते त्याला सोडावे लागले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या या माणसाने पुढे वसतिगृहांनाच आपल्या कार्याचा कणा केले. श्रम करणारे शरीर आणि शिकणारे मन यांची त्याने कधी फारकत होऊ दिली नाही.

कोल्हापूरला शरीराचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. पेठापेठांत तालमी आहेत आणि खासबागेत महाराजांनीच बांधवलेले कुस्तीचे मैदान आहे. गंगावेशीत डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात दिला जातो. जैन वाचकाला त्या कट्ट्यावर आणखी एक गोष्ट सहज आठवेल. भगवान महावीरांना केवलज्ञान झाले, तेव्हा ते गोदोहिका आसनात होते, असे कल्पसूत्र सांगते. गोदोहिका म्हणजे गाईची धार काढणाऱ्याची बैठक. टाचा उचलून, चवड्यांवर तोल सांभाळत उकिडवे बसणे. घोटे, पोटऱ्या आणि कंबर यांची लवचीकता एकाच वेळी पाहणारे हे आसन आहे. शिरोळ किंवा कागल तालुक्यातून आलेल्या विद्यार्थ्याच्या आजोबांना ते शिकावे लागले नव्हते. नातवाला मात्र, दोन वर्षे खुर्चीवर काढल्यानंतर, टाचा टेकवूनही धड उकिडवे बसता येत नाही.

ही खुर्चीच आज विद्यार्थ्याची खरी सोबतीण आहे. सकाळी महाविद्यालय, दुपारी क्लास, रात्री अभ्यासिका. वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेशाची परीक्षा असो की स्पर्धा परीक्षा, मान पुढे झुकलेली, खांदे गोलावलेले आणि श्वास छातीच्या वरच्या भागात अडकलेला असतो. घरी उसाच्या बिलातून फी भरली गेली आहे, हे त्याला ठाऊक असते. ते कोणी बोलून दाखवत नाही, म्हणूनच ते अधिक जड होते. अशा मुलाला ‘रोज तासभर योगासने कर’ असे सांगणे म्हणजे त्याच्या वेळापत्रकात आणखी एक विषय वाढवणे होय. आठवडाभर तो करील आणि मग अपराधी भावनेने सोडून देईल.

या प्रश्नाचे एक उत्तर कोल्हापूरपासून सुमारे तीस किलोमीटरवर, भाऊरावांच्याच कुंभोजजवळच्या डोंगरावर उभे आहे. हातकणंगले तालुक्यातील हे क्षेत्र बाहुबली या नावानेच ओळखले जाते. समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने येथे ब्रह्मचर्याश्रम आणि गुरुकुल उभे राहिले आणि १९६३ मध्ये भगवान बाहुबलींची अठ्ठावीस फुटी संगमरवरी मूर्ती प्रतिष्ठित झाली. दर्शनाला आलेले कुटुंब मूर्तीची उंची पाहते, छायाचित्र काढते आणि परतते. मूर्ती कशी उभी आहे, याकडे क्वचितच कोणी निरखून पाहतो.

ती कायोत्सर्गात उभी आहे. दोन पावलांत थोडे अंतर, शास्त्राप्रमाणे चार अंगुळांचे. भार दोन्ही पायांवर सारखा. हात खाली सोडलेले, कुठेही ताठर नाहीत. कायोत्सर्ग म्हणजे कायेवरील ममत्वाचा त्याग. श्रमणाच्या सहा आवश्यकांपैकी तो एक आहे. त्यामुळे त्याला केवळ व्यायाम म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. पण त्याची बाह्य बाजू इतकी काटेकोर आहे की आजच्या कोणत्याही योगशिक्षकाने ती अभ्यासावी. ‘मूलाचार’ या प्राचीन ग्रंथात कायोत्सर्गाच्या दोषांची यादी आहे. घोड्याप्रमाणे एक पाय उचलून उभे राहणे हा घोटक दोष. वेलीसारखे डोलणे हा लता दोष. भिंतीला टेकणे हा कुड्य दोष. कावळ्यासारखी इकडेतिकडे नजर फिरवणे हा वायस दोष. बसथांब्यावर मोबाईल पाहत उभ्या असलेल्या कोणत्याही विद्यार्थ्यात हे चारही दोष एकाच वेळी सापडतील! एका पायावर भार टाकण्याची सवय कमरेला एका बाजूला खेचते आणि सदा भिरभिरणारी नजर मनाला बसू देत नाही. ग्रंथकाराने हे मुनींसाठी लिहिले. ते अभ्यासिकेतही तंतोतंत लागू पडते.

कायोत्सर्गाचे मापही विद्यार्थ्याच्या सोयीचे आहे. ते घड्याळाने नव्हे, श्वासाने मोजले जाते. दिगंबर परंपरेत नऊ वेळा णमोकार मंत्राचे स्मरण, एका मंत्राला तीन श्वास, म्हणजे सत्तावीस श्वास हे एक रूढ परिमाण आहे. सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटे लागतात आणि तेवढी सवड परीक्षेच्या दिवसांत मिळणे कठीण. सत्तावीस श्वास मात्र नेहमीच्या गतीने दोन मिनिटांच्या आत होतात आणि अगदी संथ घेतले, मिनिटाला सहा, तर साडेचार मिनिटांत. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून उच्छ्वास लांबवला की धडधड उतरू लागते, तळहातांचा घाम कमी होतो. प्रश्नपत्रिका हाती येण्यापूर्वीचा तो अवधी बहुतेक मुले शेवटची उजळणी करण्यात दवडतात, आणि त्या उजळणीतले फारसे काही आठवतही नाही.

दोन तास बसल्यानंतर उठून सत्तावीस श्वास उभे राहणे, पहाटे पाच-सहा सूर्यनमस्कार, झोपण्यापूर्वी पाठीवर पडून शवासन, एवढेच एका व्यग्र विद्यार्थ्याला निभावते आणि पुरतेही. याने गुण वाढतील असे आश्वासन कोणी देऊ नये. मान अवघडायची थांबते, झोप लवकर लागते, वाचताना तीच ओळ चारदा वाचावी लागत नाही. लाभ इतका साधा आहे. ज्याची उदासी आठवडेच्या आठवडे हटत नाही, त्याला आसनांवर न सोडता डॉक्टरांकडे नेणे हे घरच्यांचे काम आहे.

बाहुबलींच्या कथेतही हा फरक दिसतो. वर्षभर ते निश्चल उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, पायांशी वारुळे झाली. तरी मनात एक बारीक शल्य उरले होते. श्वेतांबर परंपरा सांगते की आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन कसे करावे, हा मान आड येत होता आणि ब्राह्मी-सुंदरी या बहिणींनी ‘हत्तीवरून खाली उतर’ असे सांगितल्यावर तो गळाला. धाकटा पुढे गेला, आपण मागे राहिलो, ही बोच क्रमांकांच्या जगात वाढणाऱ्या मुलाला समजावून द्यावी लागत नाही. घरून आलेल्या फोनवर पहिला प्रश्न बहुधा चाचणीतील क्रमांकाचाच असतो.

एक अडचण मात्र व्यवहाराचीच आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पाळणाऱ्या विद्यार्थ्याचा क्लास संध्याकाळी सातला सुटतो. मग तो नियम तरी मोडतो, किंवा रात्रभर उपाशी अभ्यास करून सकाळी चहा-बिस्किटांवर दिवस काढतो. पहिल्यात मनाला टोचणी लागते, दुसऱ्यात पहाटेच्या सूर्यनमस्काराला अंगात त्राणच राहत नाही. जिथे वसतिगृहाची मेस साडेपाचला डबा भरून क्लासवर पाठवते आणि क्लासचे शिक्षक पंधरा मिनिटांची सुट्टी देतात, तिथे हा प्रश्न सुटतो. हिवाळ्यात कोल्हापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो; डबा त्याआधी पोहोचायला हवा.