कुसू, वाकस आणि जात

कार्ल्याच्या बुद्ध लेणीत, चैत्यगृहात उभे राहून वर पाहिले की कमानदार छताला लागून लाकडी वासे दिसतात. लेणी साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची आणि वासेही त्याच काळातले, सागाचे. आता विचार करा. हे छत डोंगर कोरून काढलेले आहे. त्याला वाशांच्या आधाराची गरज नाही. सगळे वासे काढून घेतले तरी ते पडणार नाही. मग ते बसवले कशासाठी?

उत्तर जवळच्या भाज्यात मिळते. तिथल्या चैत्यगृहाचे अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत कमानदार छपराचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून खांब आत कलते उभे करायचे. डोंगरात कोरलेल्या खांबांना अशी गरज नसते. तरी कोरणाऱ्यांनी ते कलतेच ठेवले. भाज्याचा दर्शनी भाग तर लाकडाचाच होता. तो गेला, पण लाकडे बसवण्यासाठी खडकात पाडलेल्या खाचा अजून आहेत. सांचीच्या स्तूपाचा कठडा पाहा. दगडी खांबांना खाचा पाडून त्यात आडव्या पट्ट्या सरकवल्या आहेत, थेट लाकडी कुंपणासारख्या. म्हणजे आपण ज्या लेण्यांचा अभिमान बाळगतो, त्या आधी सुताराच्या डोक्यात आणि हातात उभ्या राहिल्या. पाथरवटाने त्या नंतर दगडात उतरवल्या.

हे सुतार कोण होते? बहुतेकांची नावे गेली. एकाचे राहिले. कार्ल्याच्या दर्शनी भागावरच्या लेखात धेनुकाकटच्या सामि नावाच्या वढकीचे, म्हणजे सुताराचे नाव आहे, बापाच्या नावासकट. दाराचे काम त्याने केल्याचे तिथे कोरले आहे. त्याच लेणीत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचाही लेख आहे. सावकार आणि सुतार, दोघांची नावे एकाच भिंतीच्या आसऱ्याला. तो काळ पूर्ण समतेचा होता असे आमचे म्हणणे नाही. पण हाताने काम करणाऱ्याला आपले नाव कोरून ठेवता येत होते, एवढे तो दगड सांगतो.

जातककथांत अलीनचित्त जातक आहे. वाराणसीजवळच्या गावातले पाचशे सुतार नावेतून नदीच्या वरच्या अंगाला जातात, जंगलात लाकूड तोडतात, तिथेच एकमजली-दुमजली घरांचे सांगाडे तयार करतात. मुख्य खांबापासून प्रत्येक तुकड्यावर खूण घालतात, सगळे सुटे करून नावेत भरतात आणि शहरात आणून गिऱ्हाइकाला हवे तसे घर उभे करून देतात. यासाठी मोजमाप लागते, नियोजन लागते, पाचशे माणसांनी एकमेकांच्या खुणा ओळखाव्या लागतात. याला अडाणी माणसाचे काम कोण म्हणेल?

म्हणणारे होते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न खाऊ नये याची यादी आहे. तिथे चोराच्या आणि व्याजबट्टेवाल्याच्या पंगतीत सुतार बसवला आहे. ज्याने घर बांधून दिले, त्याच्या घरचे अन्न विटाळाचे! बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला, तो फक्त अस्पृश्यांच्या विरोधात नव्हता. तो हाताने काम करणाऱ्या प्रत्येकाच्या विरोधात होता. हे आपल्या ओबीसी सुतार बांधवांनीही ध्यानात घ्यावे.

आता आजचे बोलू. आम्ही ज्या वस्तीत काम करतो, तिथला एकोणीस वर्षांचा एक मुलगा जुने वाडे दुरुस्त करणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागला. हात चांगला होता. तीन महिन्यांत तो वाकसाने लाकूड तासायला आणि पटाशी-मोगरीने कुसू काढायला शिकला. वाड्याचा सांगाडा खिळ्यांवर उभा नसतो. खांब दगडी उथळ्यावर बसतो, म्हणजे ओल चढत नाही. तुळईच्या टोकाला कुसू काढून तो खांबाच्या खाचेत घालतात आणि लाकडी खुंटी ठोकतात. कुसू सैल झाला तर सांधा हलतो, घट्ट झाला तर खांब चिरतो. तो मुलगा हे आम्हाला हातवारे करून सांगायचा. मिस्त्री प्रत्येक सांध्यावर पटाशीने आकडा घालतो, हेही त्यानेच सांगितले. जातकातली खूण अजून जिवंत आहे, हे आम्हाला तेव्हा कळले. मग एक दिवस हजेरीच्या वहीत पूर्ण नाव लिहिताना आडनाव विचारले गेले. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या हातातली पटाशी गेली आणि डोक्यावर पाटी आली. कोणी शिवी दिली नाही. 'हे काम घराण्यातच शिकावं लागतं', एवढेच ऐकवले.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही 'जात आणि व्यवसाय' हा विषय परीक्षेपुरता वाचला होता. तो त्या एका वाक्यात पुरा कळला. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. कौशल्य हाताला येते, घराण्याला नाही. तसे नसते तर वस्तीतला मुलगा तीन महिन्यांत शिकला कसा?

हाच 'घराण्याचा' मुद्दा सरकारी योजनेतही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, सुतारकाम त्यात आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि स्वस्त कर्ज मिळते. गरीब कारागिराला याची गरज आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण योजनेची भाषाच कुटुंबाच्या पारंपरिक व्यवसायाची आणि गुरू-शिष्य परंपरेची आहे. नियमात जातीचे नाव नाही, हे खरे. परंतु व्यवसाय 'कुटुंबाचा' म्हटला की आपल्या गावगाड्यात जात वेगळी सांगावी लागत नाही. तामिळनाडू सरकारने २०२४ मध्ये याच मुद्द्यावर ही योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला. महाराष्ट्रात फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणारे यावर किती बोलले?

आणि एक प्रश्न आपल्याच घरातला. आपले काही लोक म्हणतात, बाबासाहेबांनी जातीचे काम सोडायला सांगितले, शिकून साहेब व्हायला सांगितले. मग पोराच्या हातात पटाशी कशाला? मित्रांनो, सोडायचे होते ते जन्माने लादलेले काम. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते त्या गुलामीविरुद्ध होते. कौशल्याविरुद्ध नव्हते. उलट, जे काम मनूच्या हिशेबाने आपले नव्हतेच, ते आपल्या मुलाने निवडून शिकणे हे जातीवरचे घावच आहेत. सुताराच्या मुलीने वकील व्हावे आणि बौद्धाच्या मुलाने सागाचे छप्पर उभारावे.

तथागतांनी सुताराच्या वाकसाचा दृष्टांत दिला आहे. दांडा आज किती झिजला, काल किती, हे सुताराला सांगता येत नाही. पण बोटांचे ठसे उमटले की तो झिजला आहे हे दिसते. चळवळीचे कामही असेच रोजचे आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गावोगाव विहारे बांधली जात आहेत, वर्गणी आपली असते. पुढच्या विहाराच्या एका दालनाला तरी लाकडी छप्पर करा. जाणता मिस्त्री बोलवा, तो कोणत्याही जातीचा असो, त्याला पुरी मजुरी द्या आणि अट एकच घाला: वस्तीतली चार मुले-मुली हाताखाली घेऊन शिकवायची, आडनाव न विचारता. काम झाले की देणगीदारांच्या फलकावर त्या सगळ्यांची नावे कोरा. आमदाराच्या नावाच्या वर.

जय भीम! नमो बुद्धाय!