काकतालीय न्याय

कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडते, आणि पाहणारा कावळ्यास दोष देऊन मोकळा होतो. संस्कृतांत फांदीच्या जागीं ताडाचें फळ आहे, एवढाच फरक. हा न्याय आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविला; परंतु त्याचें मर्म आम्हांस उमगलें तें सूक्ष्म कण शोधणाऱ्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगांची हकीकत वाचतांना.

कण डोळ्यांस दिसत नाहीं. तो गणकांतून गेला म्हणजे विजेचा ठोका उमटतो. पण आकाशांतून येणाऱ्या विश्वकिरणांमुळें, भिंतींतील किरणोत्सर्गी द्रव्यामुळेंही असे ठोके अहर्निश उमटतच असतात. बोटे व गायगर या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९२४-२५ सालीं दोन गणक मांडून, दोहोंत एकदम उमटेल तोच ठोका ग्राह्य धरण्याची युक्ति योजिली. दोन साक्षी जुळल्या, निकाल झाला! तथापि साक्षीही योगायोगानें जुळतात. प्रत्येक गणकांत सेकंदास १००० ठोके पडत असले व प्रत्येक ठोका सेकंदाचा दशलक्षांश भाग टिकत असला, तर निव्वळ काकतालीय जुळणी सेकंदास २ वेळां होते. तिसरा गणक जोडला तर तिन्हींची तशी जुळणी साडेपांच मिनिटांतून एकदां होते. नाहींशी मात्र होत नाहीं.

यावर उपाय मोठा मार्मिक आहे. एका गणकाचा ठोका मुद्दाम उशिरानें पुढें पाठवावयाचा. खरे जोडीदार त्यामुळें चुकतात. तरीही जे जुळतात ते केवळ योगायोगाचे. तेवढी संख्या वजा करावयाची. अमुक एक जुळणी खोटी, हें सांगतां येत नाहीं. किती खोट्या, हें सांगतां येतें.

पाउली यांनीं १९३० सालीं कल्पिलेला न्यूट्रिनो राइन्स व कोवन यांनीं १९५६ सालीं अमेरिकेंतील सव्हाना रिव्हर येथील अणुभट्टीजवळ पकडला, तो अशाच पारखीनें. तासास सुमारें ३ खुणा; प्रत्येक खुणेंत कांहीं दशलक्षांश सेकंदांच्या अंतरानें उमटणारी ठोक्यांची जोडी. भट्टी बंद असतां काय उमटतें, हेंही त्यांनीं मोजलें, आणि मगच पाउलींस तार केली.

हें वाचतांना आम्हांस एका परीक्षेची आठवण होऊन चैन पडेना. दोन विद्यार्थ्यांनीं एका समासाचा एकच चुकीचा विग्रह, अक्षरशः सारखा, लिहिला होता. आम्हीं दोघांसही नापास केलें. त्यांतील एकानें पुढें शाळाच सोडली. दुसऱ्या खोलींत बसलेल्या मुलांच्या उत्तरपत्रिका त्या वेळीं आमच्याच मेजावर होत्या. त्यांत तीच चूक किती जणांनीं केली आहे, हें पाहण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.